आमची वाटचाल : इंजिन बांधण्यापासून इंजिन राखण्यापर्यंत

साताऱ्यात गॅरेज चालवणाऱ्याला घाट चुकत नाही. पुण्याकडून या, खंबाटकी आहे. वाईतून पाचगणीला निघा, पसरणी आहे. कासला जायचं तर समर्थ मंदिराच्या पुढे गाव संपतं न संपतं तोच यवतेश्वरचा चढ सुरू होतो. आमचा धंदा या चढउतारांवर उभा राहिला आणि इंजिन ऑइलच्या कामात आम्ही इतके खोल शिरलो, तेही यांच्यामुळेच.

वडील इथल्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये फिटर होते. तिथे प्रिया स्कूटर बनायची. टू-स्ट्रोक इंजिन, त्याला ऑइलचा पंप नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं आणि तेच क्रँकला (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याला), पिस्टनला आणि पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या बोअरला वंगण देणार. अशी स्कूटर गिअरमध्ये ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून लांब उतारावरून आणली, की चाक इंजिनाला फिरवत राहतं, पण आत पेट्रोल जवळजवळ जात नाही. म्हणजे ऑइलही जात नाही, आणि पिस्टन बोअरला धरतो. म्हणून वडील प्रत्येकाला बजावायचे, "पसरणी उतरताना अधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर देत जा." पुढे त्यांनी स्वतःचं गॅरेज काढलं, तेव्हा माणसं आली ती असल्या सल्ल्यांमुळे. इंजिन फिरतंय आणि ऑइल पोचलेलं नाही, ही वेळ सगळ्यात वाईट, हे आम्ही दोघे भाऊ लहानपणापासून ऐकत आलो.

स्कूटरनंतर मारुती आल्या, मग टॅक्सीच्या डिझेल गाड्या. त्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मिळेल ते काम घेतलं, उधारी सांभाळली, शेड पक्की केली. खरा बदल सुरू झाला २०१३ नंतर. छोट्या इंजिनातून मोठी ताकद काढणारी पोलो जीटी टीएसआय त्या वर्षी आली, आणि टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा असलेल्या पेट्रोल गाड्या आपल्या भागात हळूहळू दिसायला लागल्या. पुण्यात नोकरी करणारी इथलीच पोरं त्या घेऊन घरी यायची. कुणी ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ताकदीसाठी रीमॅप करून आणायचं, कुणी टर्बोची हवा गार करणारा मोठा इंटरकूलर बसवून. धाकट्या भावाला या गाड्यांची गोडी लागली आणि शेडचा एक कोपरा त्यांच्यासाठी वेगळा झाला.

अशाच एका गाडीचं इंजिन आमच्याकडे खोललं गेलं. खालून टकटक येत होती. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या कॅप काढल्या आणि बेअरिंगचे शेल, म्हणजे रॉड आणि क्रँकच्या मधल्या अर्धगोल पट्ट्या, कापडाने पुसून उजेडात धरले. चांगला शेल एकसारखा राखाडी दिसतो. या शेलच्या मधोमध तांबडा पट्टा उठला होता. वरचा राखाडी थर जेमतेम ०.०२ मिलिमीटर जाडीचा असतो. तो गेला की खालचा तांब्याचा मिश्रधातू उघडा पडतो. शेलवरून नख फिरवलं, तर कुठे चरा लागत नव्हता. म्हणजे ऑइलमध्ये कचरा गेलेला नव्हता. ऑइल भारीतलं होतं, पातळी बरोबर होती, बदललंही वेळच्या वेळी होतं. मालकाशी बोलल्यावर उलगडा झाला. गाडी महिना महिना घरी उभी असायची. सुट्टीला आला की सेल्फ मारायचा आणि पाच मिनिटांत यवतेश्वरच्या चढाला पाय पूर्ण दाबलेला.

गाडी उभी राहिली की ऑइल हळूहळू खाली, ते साठतं त्या चेंबरमध्ये उतरतं. क्रँकशाफ्ट आपल्या वजनाने खालच्या शेलवर टेकतो, मध्ये उरतो तो ऑइलचा पुसट थर. इंजिन चालू असताना मात्र क्रँक शेलला टेकत नाही. त्याच्या फिरण्यानेच ऑइल पाचरीसारखं मध्ये ओढलं जातं आणि काही मायक्रॉनच्या त्या थरावर तो तरंगतो. हा थर बसायला वेग लागतो आणि तिथवर पोचलेलं ऑइल लागतं. सेल्फ मारल्याच्या पहिल्या क्षणी दोन्ही नसतं. तेवढा वेळ धातूला सांभाळतात ती ऑइलमधली जस्त-फॉस्फरसची अ‍ॅडिटिव्ह, आणि त्यांचा थरही नीट बसायला उष्णता लागते. टर्बोचं दुखणं याहून नाजूक. त्याचा शाफ्ट जोरात असताना मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि त्याचं ऑइल वेगळ्या पाइपातून फिरून, म्हणजे आणखी उशिरा येतं.

ते इंजिन बांधून दिलं, बिल झालं. संध्याकाळी भाऊ म्हणाला, "दादा, इंजिन बांधायचे पैसे लोक देतात. ते खोलायची वेळ येऊ नये, याचे देतील का?" आमचं आजचं काम या प्रश्नातून उभं राहिलं.

सुरुवात ऑइलच्या ग्रेडपासून करावी लागली. आपल्याकडे समज पक्का, की घाटात गाडी तापते म्हणून जाड ऑइल घालावं. कुणी कुणी तर टर्बो गाडीतही २०डब्ल्यू-५० भरून यायचे. यातला डब्ल्यूचा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो, पुढचा आकडा तापल्यावरचा; आकडा मोठा तेवढं ऑइल दाट. ५डब्ल्यू सांगितलं की विचारायचे, "साताऱ्यात कुठे बर्फ पडतो?" बर्फ पडत नाही, हे खरंच. ५डब्ल्यूची सेल्फची चाचणी उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. पण थंडीतल्या पहाटे इथे पारा १०-१२ अंशांवर येतो, आणि इंजिनाच्या दृष्टीने ही गारठलेलीच अवस्था असते. ४० अंशांना मोजलं तरी साधारण २०डब्ल्यू-५० चा दाटपणा ५डब्ल्यू-४० च्या जवळपास दुप्पट भरतो. तापमान आणखी उतरलं की हे अंतर वाढतं. दाट ऑइल वर चढायला वेळ घेतं आणि झीज होते ती त्या वेळातच. इंजिन तापल्यावर दाब टिकवायचं काम पुढचा ४० चा आकडा करतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं मानक आणि ग्रेड सोडून आम्ही आपल्या मनाने काही भरत नाही.

फिल्टरकडे लोकांचं लक्षच नसतं. आतमध्ये रबराची एक झडप असते. गाडी बंद झाल्यावर ती फिल्टरमधलं ऑइल मागे उतरू देत नाही. हलक्या फिल्टरचं रबर कडक झालं की रात्रीत फिल्टर रिकामा. मग सकाळी टायमिंग चेनचा खळखळाट ऐकू येतो, कारण बऱ्याच इंजिनांत चेन ताणणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावरच चालतो. आम्ही काढलेला प्रत्येक फिल्टर कापतो, कागदाच्या घड्या उलगडतो आणि त्यात काय चकाकतंय ते गिऱ्हाइकाला दाखवतो. शंका आली तर ऑइलचा नमुना लॅबला जातो. लोखंड, तांबं, सिलिकॉन आणि पेट्रोल किती मिसळलंय, एवढं कळलं तरी आतली निम्मी गोष्ट समजते. सिलिकॉन म्हणजे बहुधा बाहेरची धूळ, ते वाढलेलं असेल तर आधी एअर फिल्टरचं घर तपासायचं.

सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते घरच्या वडीलधाऱ्यांशी. मुलगा पुण्यात, गाडी अंगणात, आणि बॅटरी उतरू नये म्हणून काका रोज सकाळी मायेने दोन मिनिटं गाडी सुरू करून बंद करतात. वर दोन-तीनदा रेसही देतात. त्यांना समोर बसवून सांगावं लागतं, "काका, झीज होते ती सुरू करतानाच, आणि तुम्ही ती रोज करताय. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, ते बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि खाली चेंबरमध्ये मिसळतं. दोन मिनिटांत ना ते उडून जातं, ना आतला ओलावा." बॅटरीसाठी साधा मेंटेनर चार्जर मिळतो, तो लावावा. सुरू करायचीच तर वीस-पंचवीस मिनिटं नीट फिरवून आणावी. सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग हलक्या पायाने निघायचं. टेंपरेचरचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही. काटा कूलंटचा असतो, ऑइल त्याच्या मागून तापतं.

प्री-लूबचं, म्हणजे सेल्फच्या आधीच इंजिनात ऑइल पोचवायचं काम आम्हाला सुचलं ते जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर. तिथल्या मोठ्या डिझेल जनरेटरला सुरू करण्याआधी वेगळा विजेचा पंप चालवायचे. दाब दाखवणारा काटा वर आल्यावरच सेल्फ. तीच रीत आम्ही गाड्यांत आणली. काहींना छोटा इलेक्ट्रिक पंप बसवतो, काहींना अ‍ॅक्युम्युलेटर. अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे एक नळकांडं. मध्ये पिस्टन, एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला ऑइल. इग्निशन दिलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल गॅलरीत, म्हणजे बेअरिंगांकडे जाणाऱ्या इंजिनातल्या वाटांत ढकललं जातं. वळणावर चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरलं तरी हाच साठा दाब धरतो, म्हणून रेसच्या गाड्यांत तो वापरतात. पण रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला यातलं काही लागत नाही, हे आम्ही तोंडावर सांगतो. नळ्या आणि जोड वाढले की गळतीच्या जागाही वाढतात, आणि वॉरंटीतल्या गाडीला तर आम्ही हात लावत नाही.

बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना आमच्याकडे घाई चालत नाही. क्रँक बसवताना शेलला असेंब्ली लूब, म्हणजे जोडणीच्या वेळचं चिकट वंगण लावलेलं असतं. फिल्टर उभा बसत असेल तर आधी भरून घ्यायचा. स्पार्क प्लग काढायचे, इंजेक्टर बंद ठेवायचे, दाबाचा साधा यांत्रिक गेज जोडायचा आणि थांबून थांबून सेल्फ द्यायचा. प्लग नसल्याने कॉम्प्रेशनचा भार बेअरिंगवर येत नाही. काटा हलेपर्यंत प्लग परत बसत नाहीत.

नवीन येणाऱ्यांना एक विनंती आहे. गाडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा. रात्रभर उभ्या इंजिनाचा पहिला सेल्फ आम्हाला स्वतः ऐकायचा असतो. पुण्याहून गरम इंजिन घेऊन दारात आलात, तर चेनचा आवाजही कळत नाही आणि दाब यायला किती वेळ लागतो तेही कळत नाही.