वही आणि सही

सोमवारी सकाळी साडेआठला पेन्टिक्साफोरची, म्हणजे पेट स्कॅनआधी टोचायच्या आमच्या नव्या किरणोत्सारी औषधाची (ट्रेसरची), शुद्धता टीएलसीच्या तपासणी-पट्टीवर 91 टक्के आली. 95 च्या खाली टोचायचं नाही, विषय संपला. पण बाहेर निपाणीकडचे एक आजोबा पहाटेच्या एसटीनं येऊन बसलेले, आणि डॉक्टर म्हणे, "चार टक्क्यांनी काय बिघडतंय?"

बिघडतं ना. ट्रेसर म्हणजे पेप्टाइड, प्रथिनाचा छोटा तुकडा, आणि त्याला चिकटवलेलं किरणोत्सारी गॅलियम. न चिकटलेलं गॅलियम रक्तात फिरत राहतं, चित्र धुरकट येतं. मग दोष नव्या ट्रेसरचा की आमच्या हाताचा, हे कोण सांगणार? चाचणी कशाची चाललीय मग?

आजोबांना जठराचा माल्ट लिम्फोमा, लसीकापेशींचा एक कर्करोग. तो सावकाश वाढणारा, साखर बेताचीच खाणारा, त्यामुळं नेहमीच्या एफडीजी पेटमध्ये, म्हणजे किरणोत्सारी साखर टोचून केलेल्या स्कॅनमध्ये, कधी कधी निसटतो. पेन्टिक्साफोर साखरेच्या वाटेला जातच नाही, पेशीवरच्या सीएक्ससीआर4 या प्रथिनाला जाऊन धरतं.

चूक मला लगेच कळली. जनरेटर नावाच्या उपकरणात जर्मेनियमपासून गॅलियम तयार होतं, 68 मिनिटांत निम्मं होतं आणि मागं जस्त उरतं. शनिवार-रविवार कुणी इल्यूट केलं नाही, म्हणजे जनरेटर धुऊन गॅलियम काढलं नाही, की हे जस्त साचतं आणि पेप्टाइडवरच्या गॅलियमच्या जागा अडवून बसतं. म्हणून सोमवारचं पहिलं इल्यूशन बाजूला काढायचं आणि चारेक तास थांबायचं. वहीत माझ्याच अक्षरात आहे. सकाळच्या पाळीच्या पोरानं पहिलंच वापरलं. हुशार आहे, पण वही वाचेल तर शपथ!

आजोबांना सांगायला गेले. "मामा, दुपार होईल हो."

"हुं दे की. पर च्या तरी घिऊ काय? रातच्या आठपास्नं पोटात काय न्हाई."

"उपाशी कशाला राहिलात?"

त्यांनी सूचनापत्र पुढं केलं. त्यांना कन्नड येत नाही, नातवानं वाचून दाखवलेलं. एफडीजीचाच जुना कागद, ट्रेसरचं नाव तेवढं बदललेलं, आणि खाली तसंच राहिलेलं: सहा तास उपाशी. आमच्या या तपासणीला उपासच नाही. मी कन्नड बोलते फडाफडा, वाचताना अडखळते. कोपऱ्यात 'तपासले' म्हणून सही माझीच.

दुपारची बॅच 98 टक्के आली, स्कॅनही झाला. त्याआधी आजोबांनी बाकावर डबा सोडला. भाकरी, वर मिरचीचा खर्डा. अर्धी मोडून माझ्यापुढं धरली.

"घ्या बाई. तुमीबी सकाळधरनं उभ्याच हाय."