आमची वाटचाल: व्हीएचएस कॅसेटपासून फुकटच्या सॉफ्टवेअरपर्यंत

बेळगावच्या शहापुरातलं आमचं व्हिडिओचं दुकान व्हीएचएसच्या काळातलं. तेव्हा एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर जोडायचे आणि नको तेवढं गाळायचं. पुढे डीव्हीडी आली, मग पेनड्राइव्ह. आता पूर्ण लग्न बघायला कुणाला वेळ नसतो. पंगत उठायच्या आत मोबाइलवर रील हवा असतो.

काम वाढलं तशी माणसं वाढली. येळ्ळूर, कडोली, नंदगडकडची मुलंमुली आपापल्या लॅपटॉपवर घरून काम करतात. प्रत्येकाला एडिटिंगचं विकतचं सॉफ्टवेअर घेऊन देणं आम्हाला झेपणारं नाही. क्रॅक कॉपी कुठेही मिळते, पण ती मी दुकानात येऊ देत नाही. तिच्यातून व्हायरस शिरला आणि फुटेज गेलं, तर गिऱ्हाइकाला परत बोहल्यावर उभं करायचं का?

‘सगळ्यात चांगलं फुकटचं कुठलं?’ असं धंद्यातली मंडळी विचारतात. मी उलट विचारतो, चालवणार कोण आणि मशीन कुठलं?

नवीन पोराच्या हातात मी आधी व्हीएन हे मोबाइलवरचं एडिटिंग अ‍ॅप देतो, नाहीतर विंडोज 11 मधलं क्लिपचँप. क्लिपचँपमधून 1080पी पर्यंतचा व्हिडिओ फुकट निघतो, वॉटरमार्क येत नाही. कापणं, जोडणं, गाण्याच्या ठेक्यावर शॉट बसवणं तिथे हाताला लागतं. मात्र दुकानाचं मुख्य काम मोबाइल अ‍ॅपवर ठेवायचं नाही. जून 2020 मध्ये केंद्राने 59 अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यात टिकटॉकसोबत व्हिवाव्हिडिओही गेलं. तेव्हापासूनचा हा नियम.

त्यापुढची पायरी शॉटकट, कॉम्प्युटरवरचं फुकटचं एडिटिंग सॉफ्टवेअर. साध्या लॅपटॉपवर चालतं. मोबाइलच्या शूटिंगमध्ये फ्रेमचा वेग कमीजास्त होत राहतो आणि मंगलाष्टकांचा आवाज ओठांच्या मागे-पुढे पडतो. अशी फाइल आली की शॉटकट स्वतःच ती बदलून घेऊ का म्हणून विचारतं. दोन-तीन कॅमेऱ्यांचं काम आलं की केडेनलाइव्ह. एका कॅमेऱ्याचा आवाज प्रमाण धरून बाकीच्या क्लिपा त्याला जुळवता येतात, आणि प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती फुटेजची हलकी कॉपी, चालू केली की जुना लॅपटॉपही दम धरतो.

दाविंची रिझॉल्व्ह सगळ्यांना हवं असतं, कारण नाव मोठं. रंगाच्या कामात त्याला तोड नाही हे खरं. कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांत हळदीची नवरी आणखी पिवळी दिसते, ती तिथेच सुधारते. फुकटच्या आवृत्तीतून 3840 × 2160 पर्यंत आणि सेकंदाला 60 फ्रेमपर्यंत व्हिडिओ निघतो. अंधारातले दाणे घालवायची सोय मात्र पैसे भरलेल्यांनाच. पण त्याला 16 जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. आठ जीबीच्या लॅपटॉपवर ते टाकून ‘हँग होतंय’ म्हणणाऱ्याला मी केडेनलाइव्हकडे परत पाठवतो.

आपल्या भागातली खरी डोकेदुखी वेगळीच. नवरा निपाणीचा, नवरी गोकाकची. नावं मराठीतही हवीत आणि कन्नडमध्येही. पत्रिका छापणाऱ्याकडून मजकूर येतो तो बहुतेकदा जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये (सगळ्या मशीनवर सारखी उमटणारी अक्षरं) नव्हे. चिकटवला की नावाच्या जागी नुसती चिन्हं. म्हणून आम्ही नावं युनिकोडमध्ये नव्याने टाइप करतो, इंकस्केप या चित्रं-अक्षरं सजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सजवतो आणि पारदर्शक पीएनजी करून ठेवतो. मग ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाका, जोडाक्षर मोडत नाही.

या सगळ्याचा कस लागतो वैशाखात, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला. रात्रभर मिरवणूक चालते आणि मंडळांना सकाळी व्हिडिओ हवा असतो. त्या रात्री नवखी मुलं रस्त्यावरूनच रील पाठवतात, नंदगडची मुलगी केडेनलाइव्हमध्ये कॅमेरे जुळवते आणि रिझॉल्व्हवाला फक्त मशालींचा उजेड आणि एलईडीचा भगभगाट सांभाळतो. सगळ्यांना आधीच बजावलेलं असतं: सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे या सेटिंगवर दिवे सहसा लुकलुकत नाहीत. मोबाइल आपणहून 30 वर असतो. तो बदलायला एकजण तरी विसरतोच.

रिझॉल्व्ह नीट चालेल असं मशीन सध्या दुकानात एकच आहे आणि लग्नसराईत त्याच्यापुढे रांग लागते. तुळशीच्या लग्नाआधी दुसरं घ्यायचं ठरलंय. सॉफ्टवेअर फुकटचं असलं तरी ग्राफिक्स कार्डाचे पैसे मोजावेच लागणार.