शेवटची वाघीण

दुपारी डोळा लागता लागता मोबाइल वाजला. मित्रानं सकाळच्या भटकंतीतले फोटो पाठवले होते. एकापाठोपाठ एक मालगाड्या, सगळ्या समोरून. इंजिनाच्या नाकावर कोवळं ऊन, मागे वळणावर पुसट होत गेलेल्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे. फोटो उत्तम, त्यात वाद नाही. पण एकाही फोटोत गाडी संपत नाही.

माझं हे जुनं दुखणं आहे. मालगाडी दिसली की मी मोजायला लागतो. तुम्हीही मोजता, उगाच नाही म्हणू नका. फाटकात अडकलेली निम्मी माणसं ओठ न हलवता तेच करत असतात. लहानपणी मी आणि माझा चुलतभाऊ फाटकाशी उभे राहून मोजायचो. नियम पक्के होते: इंजिन धरायचं नाही, गार्डचा डबा धरायचा, आणि मध्येच जो बोलेल त्याच्या पाठीत धपाटा. एवढं करून गाडी गेल्यावर त्याच्या ५८ आणि माझ्या ५९. फेरमोजणीची सोय नाही, कारण पुरावाच निघून गेलेला. मग घरापर्यंत भांडण. तो आता आजोबा झालाय, पण ५८ सोडायला तयार नाही. मीही सोडत नाही.

मित्राचं शास्त्र निराळं. तो पहाटे अंधारातच कार काढतो. सूर्य खाली असतो तेव्हाच इंजिनाचा चेहरा आणि खालची चाकं दोन्ही उजळतात. तो वर चढला की सावली चाकं गिळून टाकते. त्यातही सकाळी पूर्वेकडे तोंड असलेलीच गाडी हवी. पश्चिमेला जाणारी कितीही देखणी असो, ‘काळी पडणार’ म्हणून तो कॅमेरा उचलतही नाही. अशा वेळी त्या गाडीची माफी मागावीशी वाटते मला.

प्रवासी गाडीची वेळ छापलेली असते. मालगाडी येईल तेव्हा येते, आणि आली तरी वेगवान गाडीला वाट द्यायला मध्येच बाजूच्या रुळांवर, लूप लाइनवर जाऊन बसते. म्हणून आम्ही रुळांपासून लांब, रस्त्याच्या कडेला, सिग्नलकडे बघत ताटकळतो. सिग्नल पडला, लांबून भोंगा आला, इंजिन वळणावर दिसलं, खटाखट फोटो झाले, की हा ओरडतो, “बस, बस, कारमध्ये बस!” तीच गाडी त्याला पुढच्या वळणावर पुन्हा गाठायची असते. मी तेव्हा बाविसाव्या वाघिणीवर असतो.

हिशेब त्याच्या बाजूनं आहे, हे मान्य. सातशे मीटरची गाडी ताशी ६० किलोमीटरनं जात असेल, तर पूर्ण समोरून जायला ४२ सेकंद घेते. तेवढा वेळ थांबलं तर पुढचं वळण हातचं गेलं. पाठलाग करणाऱ्याला शेपूट बघत बसणं परवडत नाही. मग रस्ता रुळांना समांतर आला की मी खिडकीतून मागच्या बाजूनं मोजणी सुरू करतो, आणि नेमकी बाभळींची रांग आडवी येते. कधीकधी मात्र आम्ही पुढे निघून जातो, आणि आमच्याच मालगाडीसाठी आमच्याच तोंडावर फाटक पडतं. तो स्टिअरिंगवर हात आपटतो. मी काच खाली करून पहिल्यापासून मोजतो. माझं सगळं सुख त्या फाटकात आहे.

ऑस्ट्रेलियात २००१ साली लोखंडाच्या खनिजाची एक गाडी चालवली होती: ८ इंजिनं, ६८२ वाघिणी, लांबी सात किलोमीटरांहून जास्त. तिचा समोरून फोटो काढला, तर तो नेमका कशाचा फोटो? कॅलिफोर्नियात तेहाचपीला १८७६ सालापासून एक वेटोळं आहे. रूळ टेकडीभोवती गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून जातात. सव्वा किलोमीटरपेक्षा लांब गाडी तिथे स्वतःच्याच शेपटीला ओलांडते. तोंड आणि शेवट एका फोटोत! मित्राला म्हटलं, जन्मात एकदा तिथे जाऊ. तो म्हणाला, “तिथे सकाळी ऊन कुठून येतं, बघायला लागेल.”

आणि हे नुसतं माझं खूळ नाही. रेल्वेला इंजिनाइतकंच शेवटच्या वाघिणीचं महत्त्व. तिच्यावर खूण असते, रात्री लाल दिवा असतो. स्टेशनवरचा माणूस ती खूण बघतो तेव्हाच गाडी पूर्ण आली असं धरतो. जोड मधेच तुटून चार वाघिणी मागे रुळांवर राहिल्या असतील, आणि पुढचं इंजिन मजेत निघून आलेलं असेल, तर? अनेक मार्गांवर रुळाला लागून बसवलेली यंत्रं चाकांच्या जोड्या मोजत बसतात. आत गेल्या तेवढ्याच बाहेर आल्या, तरच मार्ग मोकळा आणि मागच्या गाडीला सिग्नल. एकीचाही फरक पडला तर सगळं जागच्या जागी. म्हणजे माझं आणि चुलतभावाचं भांडण रेल्वेनं गंभीरपणे घेतलं असतं.

हे सगळं परवा मित्राला सविस्तर ऐकवलं. तो गिअर टाकत म्हणाला, “मोजून तुला मिळतं काय?” फोटो काढून तुला काय मिळतं, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण गाडी त्याची, पेट्रोल त्याचं.