त्रिभुवनदास गज्जर आणि ऐनाची साल

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे नाव आमच्या देवगडकडे कुणाला विचारलं तर बहुधा कुणी सांगणार नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि मला वाटतं दहावीच्या प्रत्येक मुलाला हे नाव माहीत असायला हवं.

जन्म १८६३ चा, सुरतेतल्या सुतार घराण्यातला. घरात हत्यारं, लाकूड, मापं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात रसायनशास्त्र शिकले आणि बडोद्याला प्राध्यापक झाले. एवढ्यावर थांबले असते तरी मोठं झालं असतं. पण त्यांच्या मनात सलत होतं ते वेगळंच. ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे त्यांना त्यामागचं शास्त्र कुणी सांगत नाही, आणि जे शास्त्र शिकतात ते हात काळे करत नाहीत. सयाजीराव महाराजांच्या पाठबळाने १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन उभं राहिलं ते या सलातून. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय होते, आणि शिकवणं गुजरातीत. इंग्रजी येत नाही म्हणून रंगाऱ्याच्या पोराने दारातून परत फिरायचं, हे त्यांना मान्यच नव्हतं. म्हणून देशी भाषेत शास्त्राची पुस्तकं तयार करण्याचं कामही त्यांनी अंगावर घेतलं. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे ही संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झाली.

नंतर ते मुंबईला आले. विल्सन कॉलेजात शिकवलं, स्वतःची प्रयोगशाळा काढली. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं, १८९६ मध्ये. फासणारे दामोदर चाफेकर, घराणं मूळचं आपल्या वेळणेश्वराकडचं. तो पुतळा दगडाला धक्का न लावता साफ केला गज्जरांनी. राणीचा पुतळा उजळून काय मिळवलं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, की एका भारतीय रसायनतज्ज्ञाला हे जमतं हे त्या दिवशी सगळ्या मुंबईने पाहिलं. १९०७ मध्ये कोटिभास्कर आणि अमीन या आपल्या शिष्यांबरोबर त्यांनी अलेंबिक ही रसायनं आणि औषधं बनवणारी कंपनी काढली. १९२० मध्ये ते गेले.

त्यांचं पहिलं प्रेम रंगाईवर होतं, आणि तिथेच ते मला आमच्या किनाऱ्याला येऊन भेटतात. नायलॉन येण्याआधी इथली जाळी सुती असायची. सूत खाऱ्या पाण्यात कुजतं, म्हणून गाबीत, म्हणजे इथली मासेमार मंडळी, ऐन या झाडाची साल उकळून त्या तांबूस काढ्यात जाळी भिजवायची. सालीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य धाग्यात मुरलं की कुजवणाऱ्या जिवाणूंचं फारसं चालत नाही. वर्गात मी तोच काढा करते आणि व्हिनेगरात बुडवलेल्या गंजक्या खिळ्यांचं पाणी त्यात थेंबभर टाकते. काढा क्षणात शाईसारखा होतो.

"बाई, पाणी काळां कित्याक झालां?" मागच्या बाकावरची एक मुलगी ओरडली. एरवी ती तोंड उघडत नाही. तिच्या मालवणीतच मी तिला सांगितलं, की लोखंड आणि टॅनिन एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. मग तीच सांगू लागली, की आजोबा जाळ्यासाठी लोखंडाची कढई कधी घ्यायचे नाहीत, तांब्याचीच घ्यायचे. ही गोष्ट मी कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती.

सेमी-इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्या पालकांशी मी वाद घालत नाही. त्यांची काळजी खरी आहे. पण प्रयोग मी मराठीतच घेते, आणि जमेल तिथे मालवणीत. यंदा आठवीच्या मुलांना घरोघरी पाठवणार आहे. कुणाकडे साल किती, पाणी किती, किती वेळ उकळायचं, सालीऐवजी चिंचोके वापरत का, हे सगळं आजी-आजोबांना विचारून वहीत लिहून आणायचं. मग तीच मापं घेऊन सुताचे तुकडे रंगवायचे, खाडीत बांधून ठेवायचे आणि दर आठवड्याला ओढून बघायचं, कुठला आधी तुटतो ते.