आमची वाटचाल : उसाच्या ट्रॉलीपासून स्पिटफायरच्या पाट्यापर्यंत

बाबांनी सांगलीत कोल्हापूर रोडला गाड्यांच्या पाट्यांचं, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगपट्ट्यांचं, काम सुरू केलं तेव्हा भट्टी, ऐरण आणि दोन घण एवढंच भांडवल होतं. उसाचा हंगाम लागला की शेडबाहेर रांग लागायची. पाटा बसला, म्हणजे सपाट झाला, की ठोकून पुन्हा कमान चढवायची, लागलं तर एक पाटा वाढवायचा, यू-बोल्ट आवळायचे. सकाळची गाडी संध्याकाळी परत फडात. मी हेच शिकत मोठा झालो. २०१९ च्या पुरात शेड पाण्यात गेलं, मग आम्ही कुपवाडला आलो.

जुन्या गाड्यांचा नाद लागला तो मिरजेतल्या एका डॉक्टरांच्या स्टँडर्ड हेराल्ड मोटारीमुळे. मद्रासला बनलेल्या या गाडीला मागे एकच आडवा पाटा. तो डिफरन्शिअलच्या, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, डोक्यावर आवळलेला आणि दोन्ही चाकं त्याच्या टोकांना. प्रत्येक बाजूचा अर्धा ॲक्सल आतल्या जॉइंटवर वरखाली झुलतो. ही बांधणी आपल्याकडच्या मिस्त्रींना फारशी रुचली नाही, म्हणून हेराल्डनंतरच्या १९७२ च्या गॅझेल गाडीला कंपनीने एकसंध ॲक्सल दिला. बाबांना मात्र हेराल्ड जमायची.

तेवढ्या ऐकीव माहितीवर पुण्याचे एक गृहस्थ ट्रायम्फ स्पिटफायर ही इंग्लिश स्पोर्ट्स कार घेऊन आले. मार्क-३ मॉडेल, मागची बांधणी हेराल्डचीच. पाटा पार बसलेला, सांध्यातले रबरी बुश चुरा झालेले, शॉकअप गळके. ‘मागचं सगळं चांगल्यातलं करा,’ म्हणाले. मी ट्रॉलीच्या सवयीने कमान चढवली. गाडी मागून छान उचलली, दोघेही खूश.

तासगाव रोडला एका वळणावर ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडीची मागची बाजू एकदम वर आली. बाहेरचं चाक पोटाखाली दुमडलं, गाडी आडवी होऊन कडेच्या मातीत थांबली. वेग कमी होता म्हणून निभावलं. चूक माझीच होती. कमान जास्त झाली की या गाडीची मागची चाकं वरून बाहेर झुकतात, आणि वळणावर बाहेरच्या चाकावर जोर आला की ते आणखी खाली जातं. ट्रॉलीला जे बळ देतं तेच इथे घात करतं. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत.

याच दुखण्यावर ट्रायम्फ कंपनीनेच स्पिटफायरच्या पुढच्या, १९७० च्या मार्क-४ मॉडेलमध्ये उपाय केला होता. फक्त सर्वांत खालचा पाटा डिफरन्शिअलला पक्का, वरचे सगळे मध्यावर झुलायला मोकळे. त्याने मागचा कडकपणा कमी होतो, म्हणून पुढे जाड अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारी सळई, लागतो. असा पाटा आणि बार आम्ही दोन्ही इंग्लंडहून मागवले. सीटमागचं कार्पेट काढलं, पत्र्याचं झाकण उघडलं, सहा नट दिसले. ते दोन दिवस तेलात भिजवले, कारण नटाखालचा स्टड (आट्यांची खुंटी) तुटला तर डिफरन्शिअल खाली घ्यावं लागतं. नवीन पाटा बसवल्यावर बुशचे बोल्ट जॅकवर आवळले नाहीत. गाडी जमिनीवर उतरवली, आत दोन माणसं बसवली आणि मग आवळले. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. हे मी प्रत्येक पोराला स्वतः हात धरून दाखवतो.

रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकचे) बुश हवेत असा आग्रह बऱ्याच जणांचा असतो. चाक पुढेमागे सरकू न देणाऱ्या रेडियस रॉडला मी ते आनंदाने घालतो. पाट्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या भोकात, मात्र आपल्या रस्त्यांसाठी रबरच बरं, हे माझं मत आहे आणि मी ते गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

आजही हंगामात ट्रॉल्यांचंच काम जास्त. स्पिटफायर आणि हेराल्ड वर्षाकाठी मोजक्याच येतात, पण त्यांच्यासाठी शेडचा एक कोपरा राखून ठेवलाय. डॉक्टरांची हेराल्ड आता त्यांच्या मुलीकडे असते. पुढच्या आठवड्यात ताईंच्या गाडीचा पाटा उतरवायचा आहे. या वेळी चाकांचा झुकाव आधी मोजून वहीत लिहून ठेवलाय.