फूल जागेवर आहे का?

आमच्या घरात सकाळी चहाच्याही आधी आई विचारते, "फूल जागेवर आहे का?" पाहुण्यांना वाटतं, देवाला कौल लावलाय आणि उजवं-डावं बघायचंय. फूल असतं ते दिवाणखान्यातल्या दोनशे लिटर खाऱ्या पाण्यात.

ॲनिमोनला मराठीत समुद्रफूल म्हणतात. नाव गोड आणि साफ फसवं. हा प्राणी आहे, पोवळ्यांच्या आणि जेलीफिशच्या भावकीतला. मेंदू नाही, डोळे नाहीत. तोंड एकच, जेवण तिथूनच आत आणि उरलंसुरलं तिथूनच बाहेर. खाली चकतीसारखा पाय. तो दगडाच्या कपारीत चिकटवून स्वारी बसते, आणि मनात आलं (मन कुठलं, पण दुसरं म्हणायचं काय) की उठून चालू लागते. चालताना दिसत नाही. रात्री डाव्या दगडावर असते आणि सकाळी काचेवर. वाटेत पाणी खेळतं ठेवणारा वेव्हमेकर असतो. त्याच्या पात्यात सापडली तर कोशिंबीरच. मी त्याला स्पंजची टोपी घातली आहे, तरी आईचा प्रश्न सुटलेला नाही.

पहिलं फूल आणलं तेव्हा टाकी जेमतेम महिन्याची होती. दुकानदार म्हणाला, "पांढरी व्हरायटी आहे सर, रेअर." दुधासारखं अंग, तोंडाभोवतीच्या हातांच्या टोकांना किंचित गुलाबी झाक. मी हरखलो. व्हरायटीबिरायटी काही नव्हती. ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, उजेडावर अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला भाडं म्हणून देतात. प्रवासाच्या हालात भाडेकरू निघून गेले होते, म्हणून घर पांढरंफटक पडलं होतं. उपाशी जिवाला मी सुंदर म्हणत बसलो. तीन आठवड्यांत ते गेलं. मेलेलं फूल विरघळतं. पाणी ताकासारखं झालं, वास सुटला आणि पाठोपाठ दोन मासेही गेले. ते पाणी बादलीबादलीनं मोरीत ओतत होतो तेव्हा आई दारात उभी होती. काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मग आठ महिने थांबलो. टाकी लोणच्यासारखी मुरावी लागते. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. हा कारखाना नीट बसेपर्यंत माणसानं हात खिशात ठेवायचे. मला तेच जमत नाही. दगड सरकव, दिवा जरा खाली घे, असं काहीतरी करावंसं वाटतंच.

दुसरं फूल २०२० सालचं. बबल टिप जातीचं, तपकिरी, दिसायला अगदी साधं, पण धडधाकट. क्लाउनफिश म्हणजे ॲनिमोनमध्ये घर करणारे मासे. आमच्याकडच्या दोघांच्या जातीची समुद्रात या ॲनिमोनशी सोयरीक नसते म्हणे. इथे आठवडाभर लांबून बघितलं आणि एका संध्याकाळी दोघंही शिरले आत. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली. पंप बंद, पाणी निपचित. आई आणि मी आळीपाळीनं तांब्यानं टाकीतलंच पाणी उचलून उंचावरून परत सोडत होतो, तेवढीच हवा मिसळावी म्हणून. आईनं मध्येच अथर्वशीर्ष सुरू केलं. हात अभिषेकाला सरावलेला, बाकी काय.

खरा घोटाळा मात्र गणपतीत झाला. गावी जाताना शेजारच्या काकांना सांगितलं होतं की पाणी कमी झालं तर वरून घालत जा, बादली भरून ठेवली आहे. बादलीत गोडं पाणी होतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून भर गोड्याचीच घालायची. काकांनी चव घेतली, खाऱ्या टाकीत गोडं कसं घालायचं म्हणून स्वतः मीठ आणून कालवलं. पाण्याची घनता १.०२५ ची १.०२९ झाली. फूल आक्रसून अक्रोडाएवढं. काकांना काय बोलणार? खर्च त्यांचा, माया त्यांची. पाण्याचा खारटपणा हळूहळू उतरवायला चार दिवस घेतले. एकदम उतरवलं असतं तर त्याच धक्क्यानं गेलं असतं.

जेवणाचा खर्च मात्र काही नाही. आठवड्यातून एकदा तुरीच्या दाण्याएवढा कोळंबीचा तुकडा. बाजारात मावशींकडे एक कोळंबी मागितली तेव्हा त्यांनी कोयता खाली ठेवला. "एक कोलंबी? मांजर पाललंस काय रं?" मी समुद्रफुलाचं सांगितलं. "अरे, ती खडकावर असतात की! पाय लागला तर कोन इचारतंय." आणि वर पैसेही घेतले नाहीत.

तुकडा लांब चिमट्यानं धरून जवळ नेला की फुलाच्या एका हाताचं बोंड चिकटतं, मग दुसऱ्याचं, आणि फूल मूठ मिटावी तसं मिटतं. चुकून बोट लागलं तर सेलोटेपसारखं चिकटल्याचं जाणवतं. ते सूक्ष्म डंख असतात. आपली कातडी जाड म्हणून भागतं.

स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलिएल या निसर्गअभ्यासकांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून असंच एक फूल, जात निराळी, एडिंबराला आणून बरणीत ठेवलं. डॅलिएल १८५१ मध्ये गेले. फूल हातोहाती दुसऱ्यांकडे जात राहिलं, लोक त्याला आजीबाई म्हणू लागले, आणि ते १८८७ पर्यंत जगलं. एकोणसाठ वर्षं, पाणी थंड ठेवणारा चिलर नाही की वेव्हमेकर नाही!

परवा जेवताना मी हिशेब मांडला. आमचं फूल तेवढं टिकलं तर २०७९ साल उजाडेल. तेव्हा ते कोणाच्या नावावर करायचं, हे आताच ठरवायला हवं. आई लेकीकडे बघायला लागली.

"मला नको," लेक म्हणाली, "मला मांजर हवंय."