मॅडम, ह्याला धरायचं कुठं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये मी माझा ब्रॅकेट व्हीएमसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या, टेबलावर ठेवला. दोन बोअर (मापात गोल भोकं) आणि एक फेस (सपाट बाजू), अर्ध्या तासाचं काम, असा माझा हिशेब होता. ऑपरेटर दादांनी तो उचलला, उलटासुलटा केला, व्हाइस उघडून जबड्यांत धरून पाहिला, परत काढला.

"मॅडम, ह्याला धरायचं कुठं?"

त्या ब्रॅकेटला सपाट अशी एकही बाजू नव्हती. एखाद्या हाडासारखा दिसायचा तो. कुठं जाड, कुठं बोटाएवढा, मध्ये भोकं. हाच आकार कॉन्फरन्सच्या पोस्टरवर लावला तेव्हा लोक थांबून बघत होते. दादांना त्याचं काही कौतुक नव्हतं.

आता पहिल्यापासून सांगते. आमचे अण्णा पॅटर्नमेकर. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांसाठी त्यांनी आयुष्यभर लाकडी पॅटर्न केले, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने. त्यामुळे घरात जॉब म्हणजे कास्टिंग, साच्यात धातू ओतून केलेली वस्तू. पॅटर्न वाळूतून निघाला पाहिजे म्हणून त्याच्या बाजूंना ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, द्यायचा, धातू थंड होताना आकसतो म्हणून माप थोडं वाढवायचं, अ‍ॅल्युमिनियमला साधारण सव्वा टक्का, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले. पुढे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागले आणि पीएचडीला विषय घेतला तो साचाच नसलेल्या कामाचा: मेटल थ्रीडी प्रिंटिंग आणि त्यासाठी टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन, म्हणजे मटेरियल कुठं ठेवायचं आणि कुठं काढायचं ते गणितानं ठरवणं. अण्णा म्हणाले, "म्हणजे आमचं दुकान बंद करायचा विषय." चेष्टेनं म्हणाले, पण म्हणाले.

जॉब साधा निवडला. आमच्या टेस्ट रिगवर मोटर धरणारा ब्रॅकेट, भरीव ठोकळ्यातून कोरलेला, ६४० ग्रॅमचा. ब्रॅकेट जेवढ्या जागेत बसायचा तो पूर्ण ठोकळा कॉम्प्युटरला द्यायचा, बोल्ट कुठं आहेत, भार कुठून येतो ते सांगायचं आणि म्हणायचं, यातलं ३५ टक्केच मटेरियल ठेव, पण जॉब कमीत कमी वाकला पाहिजे. ठोकळ्याचे हजारो बारीक तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला शून्य ते एक अशी घनता मिळते. आता एखाद्यानं अर्धी घनता ठेवली तर? अर्धा धातू तर कुठं मिळत नाही. म्हणून ताठपणा घनतेच्या तिसऱ्या घातानं मोजतात. अर्ध्या घनतेला ताठपणा मिळतो एक अष्टमांश. आठ आणे मोजायचे आणि माल घ्यायचा दोन आण्यांचा. असा तोट्याचा सौदा गणित आपोआप टाळतं आणि तुकडे हळूहळू एकाला किंवा शून्याला जाऊन भिडतात. ह्या पद्धतीला सिम्प म्हणतात.

कमीत कमी मटेरियलची चौकट कशी असावी, हा प्रश्न मेलबर्नच्या मिशेलनं १९०४ साली कागदावर मांडला होता. कॉम्प्युटरवरचं आजचं रूप बेंडसो आणि किकुची यांच्या १९८८ च्या कामापासून सुरू होतं. मला मात्र खरं शिकवलं ते ओले सिग्मुंड यांनी २००१ साली छापलेल्या ९९ ओळींच्या मॅटलॅब प्रोग्रॅमनं. पोरगं झोपलं की रात्री एकेक ओळ बदलून बघायची. शेजारच्या तुकड्यांची सरासरी घेणारा फिल्टर काढला तर आकाराच्या जागी बुद्धिबळाचा पट उमटतो, काळं घर, पांढरं घर. कोपऱ्याला कोपरा नुसता टेकलेला असला तरी गणिताला तो सांधा खराच वाटतो आणि पट उगाच ताठ भासतो. हे कळायला मला दोन आठवडे लागले आणि त्या दोन आठवड्यांत मी घरात कुणाशी धड बोलले नाही.

आकार मिळाला. छापायचं मशीन आमच्याकडे नव्हतं, म्हणून फाइल पुण्याला पाठवली. एका बिल्डचे पैसे म्हणजे माझा दोन महिन्यांचा पगार. पावडर अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉन-मॅग्नेशियमची, एकेक कण ढोबळमानानं २० ते ६० मायक्रॉनचा. आरगॉन भरलेल्या पेटीत ३० मायक्रॉनचा थर पसरायचा, लेसरनं हवा तेवढाच भाग वितळवायचा, प्लेट खाली, पुढचा थर. उंची जितकी जास्त तितके तास जास्त आणि तितके पैसे जास्त. म्हणून मी ब्रॅकेट आडवा झोपवला.

ही माझी हाव नडली. ३१ मिलीमीटरवर, म्हणजे हजाराहून जास्त थर झाल्यावर, मशीन थांबलं. आडव्या लांब बाजूची कड सपोर्टवरून सुटून वर आली होती आणि पावडर पसरवणारं पातं तिच्यावर आदळलं. लेसरखाली वितळलेला थर क्षणात थंड होऊन आकसतो, खालचा घट्ट झालेला धातू त्याला आकसू देत नाही, आणि ही ओढाताण थरागणिक साठत जाते. उन्हात वाळणाऱ्या पापडाच्या कडा जशा वर येतात तसंच. संध्याकाळी अण्णांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.

"आकसणार हे तुला माहीत होतं की."

"होतं, अण्णा."

"मग?"

मग काय, दुसऱ्या वेळी तिरका ठेवला. ४५ अंशांपेक्षा जास्त आडवं झुकलेलं काहीही हवेत टिकत नाही, त्याला खालून सपोर्ट लागतो. तिरकं केल्यावर सपोर्ट निम्म्यावर आले. तास वाढले, ते सोसले. दोन ब्रॅकेट आणि ओढून ताकद तपासायच्या टेन्साइलच्या कांड्या एकाच प्लेटवर घेतल्या. प्लेटवरून कापायच्या आधी ३०० अंशांवर दोन तास तापवून स्ट्रेस रिलीव्ह करून घेतलं, म्हणजे साठलेली ओढाताण उतरवली, कारण तसंच वायरकट केलं असतं तर सुटताक्षणी जॉब वाकला असता. सगळं नीट झालं, खोका निघाला, आणि पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. जुलै २०२१. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं. खोका तिकडं, मी इकडं. लोकांच्या घरांत पाणी शिरलेलं असताना दोन ब्रॅकेटची चौकशी करायची मला लाज वाटली, म्हणून फोन केला नाही. पाणी उतरलं तसा तो आपोआप आला.

वजन २६२ ग्रॅम. बोअरवर आणि फेसवर एक मिलीमीटर अलाउन्स, म्हणजे नंतर कापायला जादा धातू, ठेवलेला होता. प्रिंट केलेला पृष्ठभाग हाताला वाळूच्या कागदासारखा लागतो, त्यात बेअरिंग बसत नाही. ती जागा मशीनिंग करावीच लागते. तो घेऊन मी उद्यमनगरात गेले, आणि दादांनी तो प्रश्न विचारला.

पहिला जॉब त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं पॅकिंग देऊन व्हाइसमध्ये धरला. हलका आवळला तर कटर लागताच जॉब किंचाळायला लागला. घट्ट आवळला तर आवाज बंद झाला, बोअर आरशासारखा आला, बोअर गेजला बरोबर मापात. दादांनी व्हाइस सोडला, पुन्हा गेज घातला: ०.०८ मिलीमीटर अंडाकृती. आवळलेला असताना ब्रॅकेटचे बारीक हात दबले होते. दबलेल्या हातांत गोल भोक पाडलं. सोडल्यावर हात जागेवर गेले आणि भोक चपटं झालं.

दुसऱ्यासाठी अण्णा पुढं आले. लाकडी पेटीत जॉब ठेवून भोवती पीओपी ओतायचं, म्हणजे व्हाइस पेटीला धरेल. मला पटलं. फेस अगदी छान निघाला. मग बोअरला कूलंट सुरू केलं आणि दहा मिनिटांत पीओपीचं पिठलं झालं. दादा काही बोलले नाहीत, टेबल धुवायला पाइप घेतला. अण्णा म्हणाले, "आमच्या वेळी पाणी नव्हतं लागत." ते खरंच आहे, पॅटर्नला कोण कूलंट मारतं?

घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी प्रोग्रॅमला मोटरचं वजन सांगितलं होतं, व्हायब्रेशन सांगितलं होतं, बोल्टचा ताण सांगितला होता. व्हाइसचा जबडा सांगितलाच नव्हता. त्यानं, त्याच्या समजुतीप्रमाणे, निरुपयोगी म्हणून नेमकं तेच मटेरियल काढून टाकलं ज्याला दादा हात घालणार होते. ह्यात प्रोग्रॅमची काही चूक नाही.

तिसऱ्यांदा गणित मांडताना १४ मिलीमीटर व्यासाचे तीन गोल पॅड कायमचे ठेवले. त्यांना हात लावायचा नाही असं प्रोग्रॅमला बजावलं. त्यांच्यावर क्लॅम्पचा भार एक केस म्हणून आणि कटरचा धक्का दुसरी केस म्हणून टाकला. आकार बदलला. एक हात सरळ पॅडखाली येऊन उभा राहिला, एक बारीक फांदी नाहीशीच झाली. वजन २८१ ग्रॅम.

माझ्या पीएचडीच्या गाइड सरांना ते १९ ग्रॅम टोचले. "पेपरमध्ये वजन वाढलेलं कसं दाखवणार?" मी चपट्या बोअरचा ब्रॅकेट आणि बेअरिंग त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, बसवून दाखवा. ते जरा वेळ खटपट करत राहिले, मग म्हणाले, "मशीनिंगवर वेगळं प्रकरण लिहा." तेच प्रकरण आता प्रबंधात सगळ्यात लांब झालंय.

तिसरा जॉब दादांनी तीन पॅडवर टेकवला, वरून क्लॅम्प लावले, जॉब सरळ बसलाय का ते बघायला मापाची डायल फिरवली. ह्या वेळी आवाज नाही. सोडल्यावर बोअरचा फरक ०.०१ मिलीमीटर. मी फोटो काढत होते, तोवर त्यांनी जॉब कापडानं पुसून माझ्या हातात दिला.

"बसतंय आता. पण मॅडम, पुढच्या वेळी बाजूला एक सपाट पट्टी ठेवा, डायल लावायला. सरळ करण्यातच वीस मिनिटं गेली माझी."

"किती रुंद ठेवू?"

"दहा चालंल. बाराची ठेवली तर बरंच."

वहीत लिहून घेतलंय: पट्टी, १२. किती ग्रॅम वाढतील ते अजून काढलेलं नाही.